लांडग्याचे रक्त

कर्जत नावाचे तालुके महाराष्ट्रात दोन आहेत, आणि लांडग्याच्या दृष्टीने पाहिले तर त्या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. एक अहिल्यानगर जिल्ह्यातला, उघड्या माळांचा आणि तुटपुंज्या पावसाचा. रेहेकुरीचे काळविटांचे अभयारण्य तेथेच आहे, आणि काळवीट जेथे चरतो तेथे त्याच्या मागावर लांडगाही असतोच. दुसरा आपल्या रायगड जिल्ह्यातला, एकोणिसाव्या शतकात ठाणे जिल्ह्यात मोडणारा, पुढे कुलाब्यात सामील झालेला, वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस अंगावर घेणारा, भातखाचरांचा आणि दाट झाडीचा. या दुसऱ्या कर्जतात, नेरळच्या पलीकडे भीमाशंकरच्या डोंगररांगेच्या पायथ्याकडे कळंब हे गाव आहे. लांडगा हा मुळात माळाचा रहिवासी असल्यामुळे कळंबच्या शिवारात त्याचे बस्तान कधी बसले नाही. येथल्या ठाकरवाड्यांची आणि कातकरीवाड्यांची जुनी ओळख ती बिबट्याशी, तरसाशी, रानडुकराशी. तरीही लांडगा आणि कुत्रा यांच्या संबंधाचा इतिहास सांगावयाचा तर कळंबसारख्या घाटपायथ्याच्या गावी उभे राहूनच तो अधिक स्पष्ट दिसतो, कारण कुत्र्याकडे पाहण्याच्या दोन अगदी परस्परविरुद्ध रीती येथे एकाच शिवारात नांदतात.

पहिली रीत मेंढपाळांची. पावसाळा सरला, भात कापून झाला, की घाटावरचे धनगर आपली मेंढरे घेऊन बोरघाटाने आणि इतर वाटांनी कोकणपट्टीत उतरतात आणि कर्जत-खालापूरच्या मोकळ्या खाचरांतून त्यांचे वाडे पडू लागतात. वाडा म्हणजे चार भिंतींचे घर नव्हे. रात्रीपुरती जाळी लावून कोंडलेली मेंढरे, बोजा वाहून आणणारी तट्टे, टोपलीखाली झाकलेली कोकरे, कोंबड्या, तीन दगडांची चूल आणि या सर्वांच्या कडेला, माणसांपासून जरा दूर, चार दिशांना पसरलेली कुत्री. शेतकऱ्याला शेतात लेंडीखत हवे असते आणि धनगराला चारा व धान्य, असा हा जुना व्यवहार. या व्यवहारात कुत्र्याला कोणी मोजत नाही, परंतु त्याच्यावाचून तो एक रात्रही तगणार नाही. ताक-भाकरीवर वाढलेला हा कुत्रा दिसायला मुळीच राजस नसतो. कान फाटलेला, अंगावर जुन्या चाव्यांचे वण, आणि नवख्या माणसाला तो जाळीच्या वीस पावलांवरच अडवतो. त्याने लांडग्याला ठार मारावे अशी अपेक्षा कोणी बाळगीत नाही. त्याने जागे राहावे, वेळेवर भुंकावे आणि संशयाच्या क्षणी जंगलाकडे पाठ करून माणसाच्या बाजूस उभे राहावे, एवढेच त्याचे काम. जुन्या शिकारी-लेखकांनी लांडग्यांची एक युक्ती वारंवार नोंदवली आहे, ती अशी की एकाने कुत्र्यांना हुलकावणी देऊन दूर न्यावे आणि तेवढ्यात दुसऱ्याने मेंढरू लांबवावे. अशा शत्रूपुढे उपयोगी पडते ते आपली जागा न सोडण्याचे शहाणपण.

दुसरी रीत अलीकडची. नेरळ-कर्जत-कळंब या पट्ट्यात मुंबईकरांची शेतघरे उभी राहिली, त्यांना उंच कुंपणे आली, आणि कुंपणांच्या आत निळ्या डोळ्यांचे हस्की व दणकट जर्मन शेफर्ड आले. थंड मुलखात घडलेली ही जनावरे मे महिन्याच्या उकाड्यात व्हरांड्याच्या फरशीवर जीभ लोंबवीत पडलेली पाहिली की दया येते. मालकांना त्यांचे कौतुक वाटते ते बहुधा त्यांच्या रूपातील लांडगेपणामुळे, आणि या आकर्षणाचे टोक म्हणजे प्रत्यक्ष लांडगा व कुत्रा यांच्या संकरातून झालेला प्राणी घरी पाळण्याची हौस. तिने केवढी मजल गाठली आहे याचा मासला २०२५ साली बंगळुरूत दिसला. तेथल्या एका श्वानशौकिनाने असे जनावर पन्नास कोटी रुपयांना घेतल्याची बातमी देशभर गाजली, आणि अंमलबजावणी संचालनालयाची माणसे चौकशीला गेल्यावर तो दावा पोकळ असल्याचे प्रसिद्ध झाले. किंमत खोटी ठरली. पण ती खरी मानावयास लोक एवढ्या तत्परतेने तयार झाले, हे मला अधिक बोलके वाटते.

ही हौस परकी आणि आजकालची आहे असे म्हणून मोकळे होता येत नाही, कारण तिच्याविषयीची सर्वांत जुनी दंतकथा आपल्याच देशावर रचलेली आहे. ॲरिस्टॉटलने प्राणिविषयक ग्रंथात लिहून ठेवले आहे की हिंदुस्थानातले लोक कुत्र्या रानात बांधून ठेवतात, वाघाशी त्यांचा संकर घडवतात आणि पहिल्या पिढ्या फार हिंस्र निघतात म्हणून तिसऱ्या खेपेची पिल्ले ठेवतात; बांधलेल्या कुत्र्यांपैकी पुष्कळशा वाघाच्या पोटात जातात, हेही तो सांगावयास विसरत नाही. वाघ आणि कुत्रा यांची संतती होणे अशक्य, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. मात्र त्याच प्रकरणात लांडगे आणि कुत्री यांच्यापासून उत्तर आफ्रिकेतील सायरीनी येथे प्रजा होते असे जे विधान आहे, ते असंभाव्य नाही. दोहोंच्या पेशींत गुणसूत्रे अठ्ठ्याहत्तरच, गर्भकाळ दोन महिन्यांच्या आसपास, आणि होणारी प्रजा वांझ नव्हे. स्कॉटिश शल्यवैद्य जॉन हंटर याने १७८७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे लांडगा, कोल्हा आणि कुत्रा ही एकच जात असल्याचा जो निबंध मांडला, त्याचा मुख्य आधार संकराची ही सुफलताच होती.

विसाव्या शतकाने या कुतूहलाला कारखान्याची शिस्त लावली. आपल्याकडे ज्याला अल्सेशियन म्हणण्याची सवय दोन पिढ्यांना जडली, तो जर्मन मेंढपाळी कुत्रा पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडात 'अल्सेशियन वुल्फ डॉग' या नावाने मिरवत होता. जर्मनीचे नाव नकोसे झाले होते म्हणून पहिला शब्द, आणि रुबाब वाढावा म्हणून पुढचे शब्द. रुबाबाची किंमत लवकरच मोजावी लागली. ऑस्ट्रेलियाने १९२९ साली या कुत्र्याची आयातच बंद केली, कारण त्यात लांडग्याचे रक्त असून तो रानटी डिंगोशी मिसळेल व मेंढ्यांची लांडगेतोड माजेल, अशी तेथल्या मेंढीवाल्यांची समजूत झाली. ही बंदी सत्तरीच्या दशकापर्यंत टिकली.

नेदरलँड्सच्या लीन्डर्ट सार्लोस याने तिसाच्या दशकात खरोखरीच एका लांडगीशी जर्मन शेफर्डाचा संकर केला. शहरी पैदाशीने कुत्रा दुबळा झाला आहे, त्याला निसर्गाचा जोम परत द्यावा, असा त्याचा उद्देश. निष्पन्न झाला तो देखणा, निष्ठावान, परंतु अनोळखी माणूस दिसताच मागे सरणारा प्राणी. काहींना अंधांचे वाटाडे म्हणून शिकवता आले, राखणीच्या कामाला मात्र तो निरुपयोगी ठरला. चेकोस्लोव्हाकियात कारेल हार्टल याने १९५५ पासून सरहद्दीच्या पहाऱ्यासाठी हाच प्रयोग कार्पेथियन लांडगीवर केला. १९५८ च्या मे महिन्यात पहिली पिल्ले झाली, आणि पुढे कित्येक पिढ्या निवड करीत गेल्यावर एक स्वतंत्र जात मान्य झाली. लष्कराची शिस्त, पगारी शिक्षक आणि नापास पिल्ले बाजूस काढण्याची मुभा, एवढे सारे हाताशी असताना ज्याला दशके लागली, ते काम सुट्टीच्या दिवशी शेतघरावर उरकेल अशी ज्यांची समजूत आहे त्यांच्या धाडसाचे कौतुकच केले पाहिजे!

शिकवण्याचा प्रश्न कोठे अडतो, हे बुडापेस्टच्या विद्यापीठातील आडाम मिक्लोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या एका साध्या प्रयोगात फार सुंदर दिसते. त्यांनी लांडग्याची पिल्ले जन्मानंतर थोड्याच दिवसांत आईपासून घेऊन माणसांच्या अंगाखांद्यावर वाढवली, कुत्र्यांनाही तसेच वाढवले, आणि दोघांना आधी डब्यातले मांस काढावयास शिकवले. मग डबा उघडणार नाही असा बंद केला. कुत्र्याने थोडी खटपट केली आणि वळून मागे उभ्या असलेल्या मालकाच्या तोंडाकडे पाहिले. लांडगा डब्याशीच झुंजत राहिला. बुद्धी कमी म्हणून नव्हे, ओढ नाही म्हणूनही नव्हे. अडचणीत माणसाकडे वळून पाहावे ही गोष्टच त्याच्या स्वभावात नाही, आणि एका जन्माच्या लाडाने ती येत नाही. वाड्यावरच्या त्या फाटक्या कानाच्या कुत्र्यात हजारो वर्षांनी जे मुरवले आहे, ते नेमके हेच आहे. संकरात दोन स्वभावांपैकी कोणता किती उतरेल याचा नेम नसतो. एकाच वेतातली दोन भावंडे दोन टोकांना जातात, आणि विक्रेत्याने सांगितलेले रक्ताचे शेकडा प्रमाण वर्तनाची हमी देत नाही. शिवाय काही देशांत रेबीजची लस कुत्र्यासाठी मंजूर आहे, संकरासाठी नाही; त्यामुळे चावा घेतलेल्या संकराचे काय करावे यावरून तेथे मालक आणि आरोग्यखाते यांच्यात नेहमी खटके उडतात.

येथवरचा इतिहास कुत्र्यात लांडगा घालण्याचा झाला. आमच्या मुलखातला खरा इतिहास याच्या नेमका उलट दिशेने गेला आहे, आणि मला जे सांगावयाचे आहे ते हेच. येथे कुत्रा लांडग्यात शिरतो आहे.

मुंबई सरकारच्या चाकरीत दख्खनची आकडेवार पाहणी करणारा कर्नल विल्यम साइक्स याने १८३१ साली लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी ठेवली, तीत या देशच्या लांडग्याला शास्त्रीय नाव मिळाले आणि त्याच्यासोबत घाटातल्या कोळसुंद्यालाही, म्हणजे रानकुत्र्यालाही. कोळसुंदा हाच कुत्र्याचा मूळपुरुष असावा अशी शंका पुढे नेपाळच्या ब्रायन हॉजसनला आली आणि त्याने त्याला 'आद्य' अशा अर्थाचे नावही दिले. ती कल्पना फोल ठरली, कारण कोळसुंद्याचे आणि कुत्र्याचे कूळच वेगळे. लांडग्याचे महत्त्व मात्र वाढत गेले. गेल्या दोन दशकांतील जनुकीय अभ्यासांनी दाखवले आहे की हिंदुस्थानी लांडग्याची शाखा जगातल्या सर्वांत प्राचीन शाखांपैकी एक असून इतर लांडग्यांपासून ती फार पूर्वी अलग झाली.

या प्राचीन कुळाला ब्रिटिश अमलाने उपद्रवी जनावरांच्या यादीत टाकले आणि कलेक्टर कचेरीत मुंडके किंवा कातडे हजर करणारास बक्षीस लावले. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या हिशेबाप्रमाणे १८७५ ते १९२५ या अर्धशतकात देशात दोन लाखांवर लांडगे मारले गेले असावेत. आज संपूर्ण देशात ते सुमारे तीन हजार उरले आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत बसवून बंदूक थांबवली. माळाची मोजणी मात्र पूर्वीपासून 'पडीक' या सदरात होत आली, आणि पडीक जमिनीवर औद्योगिक वसाहत, कालवा, प्लॉट, खडीची खाण यांतले काहीही बसवण्यास कोणाची हरकत नसते. माळ तुटले, लांडग्यांचे कळप पांगले, आणि गावोगावच्या उकिरड्यांवर व कोंबड्यांच्या टाकाऊ मालावर कुत्र्यांची संख्या बेसुमार वाढली. लांडगा वर्षातून एकदाच, पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत जोडी जमवतो; कळपातून बाहेर पडलेल्या तरण्या लांडग्याला आपल्या जातीची जोडीदारीण मिळाली नाही, तर शेजारच्या वस्तीवरची कुत्री मिळते.

तसे घडल्याचा पुरावा पुणे जिल्ह्यातच हाती आला. गवताळ माळांवर नित्य फिरणाऱ्या हौशी निरीक्षकांना नेहमीच्या करड्या लांडग्यांत पिवळसर, निराळ्या ठेवणीची जनावरे दिसू लागली. पुण्याचा ग्रासलँड्स ट्रस्ट, बंगळुरूची एट्री ही संस्था आणि तेथलेच राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र यांच्या अभ्यासकांनी नमुने तपासले आणि २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. भारतातील लांडगा-कुत्रा संकराचा हा पहिला जनुकीय दाखला. घाटमाथ्यावरून हा माळ काही दूर नाही. दिवाळीनंतर कळंब-खालापूरकडे उतरणारे वाडे याच मुलखातून निघतात आणि मृगाच्या आधी तेथेच परततात. धनगराला या बातमीचे फारसे नवल वाटत नाही. लांडग्याने वर्षात चार-दोन कोकरे नेली तर तो त्याचा वाटा, असे म्हणून सोडून देणारे म्हातारे आजही वाड्यांवर भेटतात, आणि त्याच म्हाताऱ्यांना मोकाट कुत्र्यांच्या टोळीची धास्ती लांडग्याहून अधिक वाटते, कारण लांडगा भुकेपुरते मारतो आणि टोळी फाडत सुटते.

सरकार दरबारी यातले काय पोहोचले? १२ मार्च २०२४ रोजी केंद्रीय पशुसंवर्धन खात्याने राज्यांना परिपत्रक पाठवून तेवीस प्रकारच्या 'हिंस्र' कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवण्यास सांगितले, त्या यादीत रॉटवायलर व पिटबुल यांच्या रांगेत 'वुल्फ डॉग' असा एक मोघम शब्द बसवलेला आहे. व्याख्या नाही, रक्ताचे प्रमाण नाही, परदेशी मान्यताप्राप्त जात आणि माळावरून उचलून आणलेले पिल्लू यांत भेद नाही. संबंधितांचे म्हणणे न ऐकताच ते काढले या कारणास्तव कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२४ रोजी ते रद्द ठरवले. श्वानप्रेमींनी आनंद मानला, विरोधकांनी हळहळ व्यक्त केली, आणि दोन्ही पक्षांची भाषणे शहरातल्या कुंपणांपलीकडे गेली नाहीत.

माळावर प्रश्न निराळ्या कागदावर उभा राहतो. महाराष्ट्रात लांडग्याने मेंढी मारली तर वनखाते पंचनामा करून नुकसानभरपाई देते. कुत्र्याने मारली तर ती मिळत नाही. वनरक्षक येतो, मेंढीच्या गळ्यावरचे दात पाहतो, चिखलातले ठसे पाहतो, साक्षीदारांची नावे लिहितो आणि 'हल्ला करणारा वन्यप्राणी' या रकान्याशी येऊन थांबतो. ठसा लांडग्याएवढा, रंग कुत्र्याचा, आणि धनगराचे म्हणणे असे की जनावर पहाटे एकटेच आले आणि हाकारा ऐकून पळालेसुद्धा नाही. लांडगा लिहिले तर वरच्या कचेरीत शंका निघते, कुत्रा लिहिले तर मेंढी गेली ती गेलीच. तिसरा शब्द लिहावयाची त्या छापील नमुन्यात सोय नाही.