तातडीच्या वैद्यकीय मदतीतील विलंब : कायदेशीर उत्तरदायित्व

अपघात, हृदयविकाराचा झटका, सर्पदंश, अडलेली प्रसूती अशा प्रसंगी उपचार नाकारले गेल्याने किंवा उशिरा मिळाल्याने रुग्ण दगावला वा कायमचा अधू झाला, तर रुग्णालय, डॉक्टर, रुग्णवाहिका-सेवा आणि शासन यांच्यावर येणारी जबाबदारी. भारतात यासाठी एकच स्वतंत्र कायदा नाही. ती मुख्यतः न्यायनिर्णयांतून घडत गेली. म्हणूनच रुग्णालयाच्या दारात ती भक्कम आहे आणि रस्त्यावर विरळ.

‘पोलीस केस आहे, दुसरीकडे न्या’ या उत्तराला सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात लगाम घातला. मोटारीने उडवलेल्या स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने सुमारे २० किमी दूरच्या, पोलीस केस घेणाऱ्या रुग्णालयाकडे पाठवले आणि तो वाटेतच गेला, अशी वर्तमानपत्रातली बातमी या याचिकेच्या मुळाशी होती. डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणे हे त्याचे पहिले काम, पंचनामा-जबाब नंतर, असे न्यायालयाने राज्यघटनेच्या अनुच्छेद २१मधील जगण्याच्या हक्काच्या आधारे ठरवले.

शासनाची जबाबदारी पश्चिम बंगालमधील शेतमजूर संघटनेच्या खटल्यात (१९९६) निश्चित झाली. जुलै १९९२ मध्ये मथुरापूर स्थानकावर गाडीतून पडून डोक्याला मार लागलेल्या मजुराला कोलकात्यातील सरकारी रुग्णालये एकामागून एक परत पाठवत राहिली. कुठे खाट रिकामी नव्हती, तर कुठे उपचारांची सोयच नव्हती. शेवटी खासगी रुग्णालयात सुमारे १७ हजार रुपये खर्चून तो वाचला. न्यायालयाने २५ हजार रुपये भरपाई दिली आणि पैशांची चणचण ही सबब चालणार नाही, असे बजावले. खाट कुठे रिकामी आहे हे लगेच कळावे म्हणून मध्यवर्ती संपर्कयंत्रणा उभारण्याचीही सूचना या निकालात होती. मुंबईत खाटा मिळवून देणाऱ्या वॉर्डनिहाय वॉर रूम मात्र २०२० मध्ये कोविडने उभ्या करायला लावल्या.

खासगी रुग्णालयांबाबत प्रश्न बहुधा डिपॉझिटचा असतो. कोलकात्यात २००१ मध्ये बसच्या धडकेत जखमी झालेल्या विद्यार्थ्यावर सुरू केलेले उपचार १५ हजार रुपये न भरल्यामुळे थांबवण्यात आले आणि दुसऱ्या रुग्णालयाच्या वाटेवर तो मरण पावला. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००५ मध्ये १० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. पूर्णतः मोफत चालणारी रुग्णालये मात्र ग्राहक कायद्याबाहेर राहतात. त्यांच्याविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका किंवा दिवाणी दावा हाच मार्ग उरतो. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांनी तातडीच्या रुग्णाला डिपॉझिट न मागता दाखल करून घ्यावे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना सांगते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार अपघातग्रस्तावर कागदपत्रांची वाट न पाहता उपचार करणे डॉक्टरांना बंधनकारक आहे. २०१९ च्या दुरुस्तीने ‘गोल्डन अवर’ची, म्हणजे दुखापतीनंतरच्या पहिल्या तासाची, व्याख्या केली, मदत करणाऱ्या वाटसरूला संरक्षण दिले आणि रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्यास १० हजार रुपये दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. अपघातग्रस्तासाठी दीड लाख रुपयांपर्यंतची रोकडरहित उपचारयोजना मे २०२५ मध्ये अधिसूचित झाली.

फौजदारी दोष सिद्ध होणे अवघड. लुधियाना येथील जेकब मॅथ्यू खटल्यात (२००५) धाप लागलेल्या रुग्णाकडे २०-२५ मिनिटे डॉक्टर फिरकले नाहीत आणि आणलेला ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा निघाला, असा आरोप होता. तरीही डॉक्टरांवरील फौजदारी कारवाई सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. फौजदारी दोषासाठी निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा हवा, रुग्णालयाचे दिवाणी दायित्व मात्र असू शकते, असे त्याने म्हटले. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये वैद्यकीय उपचारांदरम्यान निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूसाठी डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

दिवाणी दाव्यातली खरी अडचण कार्यकारणाची. उशीर झाला एवढे दाखवून भागत नाही. वेळेत उपचार मिळाले असते तर रुग्ण वाचला असता, हे नातेवाइकांना दाखवावे लागते. लंडनमध्ये १९६६ साली चहातून आर्सेनिक पोटात गेलेल्या पहारेकऱ्याला डॉक्टरने न तपासताच घरी पाठवले होते. उतारा वेळेत देता आलाच नसता, म्हणून डॉक्टरची चूक मान्य होऊनही दावा फेटाळला गेला.

रुग्णवाहिकेबाबतचा कायदा सर्वांत दुबळा. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २००० मध्ये, दम्याच्या रुग्णाकडे सुमारे ४० मिनिटांनी पोहोचलेल्या लंडनच्या सेवेला भरपाईस जबाबदार धरले : फोन घेऊन ‘निघालो’ म्हटले की कर्तव्य सुरू होते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची सेवा धावते, पण किती मिनिटांच्या उशिराला रुग्ण भरपाई मागू शकतो, हे सांगणारे कलम केंद्रीय कायद्यात नाही.

अशा दाव्यात वेळेच्या नोंदी निर्णायक ठरतात : फोनची वेळ, कॅज्युअल्टीची नोंदवही, केसपेपर, सीसीटीव्ही. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत डॉक्टरने उपचारांच्या नोंदी द्यायच्या असतात, आणि आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपायच्या असतात.