स्लॅप बास : वादनशैलींची तुलना

बास गिटारच्या तारेवर अंगठ्याने आघात करून आणि तर्जनीने तार वर ओढून सोडून वाजवण्याची पद्धत. आघाताला स्लॅप किंवा थंप, तर ओढून सोडण्याला पॉप म्हणतात. स्वर आणि ठेका ही दोन्ही कामे या पद्धतीत एकच वादक करतो. अमेरिकन फंक संगीतात १९६० नंतर ती रुजली आणि पुढे जॅझ, डिस्को, रॉक व फ्यूजन संगीतात पसरली. भारतात तिचे सर्वांत ठळक रूप मुंबईच्या मोहिनी डे यांच्या वादनात ऐकायला मिळते.

नेहमीच्या चार तारी बासमध्ये जाड तारेकडून बारीक तारेकडे ई, ए, डी, जी असे स्वर मिळवलेले असतात. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, सर्वांत बारीक ९८ वेळा. स्लॅप करताना अंगठ्याच्या सांध्याची हाडाळ बाजू वाद्याच्या मानेच्या शेवटच्या पडद्यांजवळ तारेवर पडते. तार क्षणभर धातूच्या पडद्यावर आदळते, त्यामुळे स्वराच्या आधी एक टणक ‘खट्’ ऐकू येतो. हा आघात बोटाच्या जोरावर होत नाही, तो मनगट आणि कोपरापुढचा हात फिरवून केला जातो. अंगठा तारेवर रेंगाळला तर स्वर तिथेच मरतो. पॉपमध्ये तर्जनी बहुधा डी किंवा जी तारेखाली अडकते आणि तार सुटताच पडद्यावर आपटते.

शिकणाऱ्याचे लक्ष उजव्या हाताकडे असते, पण या शैलीचा अर्धा प्राण डाव्या हातात आहे. डावी बोटे तारेवर हलकेच टेकवून ठेवली की आघातातून स्वर निघत नाही, फक्त ठोका निघतो. हे मुके ठोके कुठे पेरायचे आणि स्वर कुठे तोडायचा, यावरून वादक ओळखता येतो. वेगाच्या निकषावर स्लॅप वादकांची उतरंड लावण्याची सवय सर्वत्र दिसते, ती दिशाभूल करणारी आहे. प्रत्येक मोठ्या वादकाच्या मनात बासपलीकडचे कोणते तरी वाद्य किंवा आवाज असतो. तो शोधला की शैलीतला फरक लगेच कानाला कळतो.

या पद्धतीची मुळे उभ्या डबल बासमध्ये आहेत. न्यू ऑर्लिन्सच्या आरंभीच्या जॅझमध्ये बिल जॉन्सन, पॉप्स फॉस्टर यांच्यासारखे वादक तार ओढून पट्टीवर आपटत. १९५४ मध्ये एल्विस प्रेस्लीचे पहिले व्यावसायिक ध्वनिमुद्रण ‘दॅट्स ऑल राइट’ झाले तेव्हा त्यात ड्रमवादक नव्हताच. ठेक्याची उणीव बिल ब्लॅक यांच्या डबल बासच्या तडाख्यांनी भरून काढली. फेंडर कंपनीचा प्रिसिजन बास १९५१ मध्येच बाजारात आला होता, पण त्यावर हा तडाखा रुळायला आणखी दशकभर जावे लागले.

तो रुळवला लॅरी ग्रॅहम यांनी. १९४६ मध्ये टेक्सासमध्ये जन्मलेले आणि कॅलिफोर्नियातील ओकलंडमध्ये वाढलेले ग्रॅहम किशोरवयात गायिका-पियानोवादक आईच्या छोट्या वाद्यवृंदात वाजवत. वृंदातला ड्रमवादक निघून गेला आणि मायलेक दोघेच उरले. मोठ्या ड्रमच्या जागी अंगठ्याचा ठोका आणि स्नेअर ड्रमच्या जागी तर्जनीची ओढ, असा तोडगा ग्रॅहम यांनी काढला. पुढे ते स्लाय अँड द फॅमिली स्टोन या वृंदात गेले. १९६९ च्या अखेरीस आलेल्या ‘थँक यू’ या गाण्यात ही पद्धत जगाने ऐकली आणि १९७० मध्ये ते गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. नंतर ग्रॅहम सेंट्रल स्टेशन या स्वतःच्या वृंदात त्यांनी तिला आणखी जागा दिली. त्यांचा ठोका जाड आणि भरदार असतो, घाई कुठेच नसते. दोन ठोक्यांमधली मोकळी जागा ते जपतात, कारण मनात ड्रमवादकाचा पाय आणि हात आहेत. आज वेगवान वादन ऐकलेल्या कानांना ग्रॅहम साधे वाटतात, पण त्यांच्या ठोक्यावर पाय थिरकतो तसा नंतरच्या फार थोड्यांच्या ठोक्यावर थिरकतो.

लुई जॉन्सन (१९५५–२०१५) यांनी त्याच कल्पनेला धार दिली. भाऊ जॉर्ज यांच्यासह त्यांचा ब्रदर्स जॉन्सन हा वृंद होता आणि ‘थंडर थंब्ज’ हे त्यांचे टोपणनाव. म्युझिक मॅन कंपनीच्या स्टिंगरे बासचा उजळ, धातूसारखा आवाज त्यांच्यामुळे स्लॅपची ओळख बनला. १९८० च्या ‘स्टॉम्प’मध्ये ग्रॅहम यांच्यापेक्षा कितीतरी जास्त ठोके ऐकू येतात, पॉप चाबकासारखे कडाडतात आणि तरी नाच कुठे अडखळत नाही. मायकेल जॅक्सन यांच्या ‘बिली जीन’मधला बासही त्यांचाच, पण तो बोटांनी वाजवलेला आहे. कुठे अंगठा थांबवावा हे जाणणारा वादक म्हणून त्यांची थोरवी त्या गाण्यात जास्त कळते. याच काळात स्टॅन्ली क्लार्क यांनी ‘स्कूल डेज’ (१९७६) या अल्बममधून बासला वृंदाच्या मागच्या रांगेतून काढून नायकाच्या जागी आणले.

मार्कस मिलर (जन्म १९५९) यांच्याकडे येताना ठोक्यापेक्षा स्वराचा विचार पुढे येतो. ते बास क्लॅरिनेटही वाजवतात, आणि त्यांच्या स्लॅपमध्ये फुंकवाद्याचा श्वास आहे. आघात झाल्यावर स्वर किती लांबवायचा, कुठे कापायचा, हे ते वाक्यासारखे ठरवतात. १९७७ च्या घडणीचा फेंडर जॅझ बास, त्यात रॉजर सॅडोव्स्की यांनी बसवलेले इलेक्ट्रॉनिक मंडल आणि त्यातून येणारा खाली भरीव, वर चमकदार असा आवाज ही त्यांची खूण. १९८६ चा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांचा ‘टुटू’ हा अल्बम बहुतांशी मिलर यांनीच रचला आणि त्यातली अनेक वाद्येही वाजवली. स्लॅपवर गाण्याची मुख्य चाल पेलता येते हे त्यांनी सिद्ध केले. गाता येण्याजोगा स्लॅप वाजवणारा दुसरा वादक सांगणे कठीण आहे.

ब्रिटनचे मार्क किंग (जन्म १९५८) मुळात ड्रमवादक. लेव्हल ४२ या वृंदात ते बास छातीशी उंच बांधतात, पातळ तारा वापरतात, आणि उजव्या अंगठ्याच्या ठोक्यांमध्ये डाव्या हाताच्या थापा गुंफून मात्रेचे चार-चार भाग सलग भरतात. तेव्हाच गातातही. ग्रॅहम यांच्या मनातला ड्रम दोन ठोक्यांचा होता, किंग यांचा ड्रम अखंड घुमणारा आहे. फ्ली आणि लेस क्लेपूल यांनी रॉकमध्ये स्लॅप आणला तो अधिक खडबडीत रूपात. फ्ली यांनी रेड हॉट चिली पेपर्स या वृंदाच्या १९८९ च्या अल्बममध्ये स्लॅपचा मारा केला आणि १९९१ च्या अल्बममध्ये तो जाणूनबुजून आवरला. प्रायमस वृंदाच्या क्लेपूल यांचा स्लॅप वाकडातिकडा, नाट्यमय आणि कथनाच्या अंगाने जाणारा आहे.

व्हिक्टर वूटन (जन्म १९६४) यांनी हाताची यंत्रणाच बदलली. त्यांचा अंगठा तारेवर आपटून परत उसळत नाही. तो तार ओलांडून खालच्या तारेवर टेकतो आणि वर येतानाही तार छेडतो. ही दुहेरी अंगठ्याची पद्धत त्यांना थोरले भाऊ रेगी यांच्याकडून मिळाली. त्यात डाव्या हाताचा टोला आणि पॉप मिसळले की एका मात्रेत तीन, चार, सहा आघात बसतात. बेला फ्लेक यांच्या बँजोसोबत वर्षानुवर्षे वाजवलेल्या या वादकाच्या स्लॅपमध्ये बँजोसारखी झुळझुळ आहे. ‘अ शो ऑफ हँड्स’ (१९९६) हा अल्बम त्यांनी एकट्या बासवर, एकावर एक थर न चढवता मुद्रित केला.

मोहिनी डे (जन्म १९९६) यांच्या मनातला आवाज वाद्याचा नाही, बोलांचा आहे. मुंबईत वाढलेल्या मोहिनी यांच्या हाती वडील सुजय डे या बासवादकांनी अगदी लहानपणी वाद्य दिले. ड्रमवादक रणजित बारोट यांनी त्यांना किशोरवयात व्यासपीठ दिले. ए. आर. रहमान, झाकीर हुसेन, स्टीव्ह वाय यांच्यासोबत त्यांनी वाजवले आहे, आणि स्वतःच्या नावाचा त्यांचा पहिला अल्बम २०२३ मध्ये आला. कर्नाटक संगीतातील कोन्नक्कोल, म्हणजे तालाचे बोल तोंडाने म्हणण्याची विद्या, त्यांच्या शैलीचा कणा आहे. त्या बोल म्हणतात आणि तेच बोल त्याच क्षणी बासवर वाजवतात. अमेरिकन स्लॅप चाराच्या चौकटीत वाढला. मोहिनी यांच्याकडे पाच आणि सातचे गट त्याच सहजतेने येतात, आणि वाक्य तिहाईसारखे समेवर उतरते. वूटन यांच्याशी त्यांची तुलना वेगामुळे केली जाते, पण दोघांची गणना वेगळी आहे. वूटन हाताच्या हालचालीतून आकृतिबंध घडवतात, मोहिनी बोलातून. मोहिनी यांच्या अतिवेगवान जागांपेक्षा मध्यलयीतल्या जागा मोलाच्या आहेत, कारण तिथे प्रत्येक बोलाचे वजन ऐकू येते.

तारेने ठेका धरण्याची कल्पना मराठी मुलखाला परकी नाही. रेणुका-यल्लमाच्या गाण्यांतल्या चौंडक्यात तार चामड्याला जोडलेली असते, तिचा ताण बदलून स्वर वरखाली होतो आणि ठोकाही तीच देते. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या झाडीपट्टीत खडी गंमत रंगते तेव्हा ढोलकीशेजारी तुणतुणे असते, आणि त्याची एकच तार सूर व लय दोन्ही सांभाळते. या वाद्यांचा आणि स्लॅपचा ऐतिहासिक संबंध नाही. मात्र तुणतुणे ऐकलेल्या कानाला ग्रॅहम यांचा अंगठा काय करतो हे वेगळे समजवावे लागत नाही.

तुलना ऐकून करायची तर साधनाकडे लक्ष हवे. मोबाइलचा छोटा स्पीकर ४१ ते ९८ कंपनांचे मूळ स्वर जवळजवळ देतच नाही. त्यातून फक्त पडद्यावरचा ‘खट्’ पोहोचतो आणि सगळे वादक सारखेच खडखडाट करणारे वाटतात. चांगल्या हेडफोनवर आधी ‘थँक यू’, मग ‘स्टॉम्प’, मग ‘टुटू’ आणि नंतर मोहिनी डे यांचे वादन, या क्रमाने ऐकल्यास ठोक्याखालचा स्वर प्रत्येकाने किती आणि कसा जिवंत ठेवला आहे ते वेगवेगळे कळते.