लाकडी पेटीच्या आतल्या भिंती

पावसाळ्यात वालावलला गेले की लाकूड म्हणजे काय ते कळते. एका बाजूला कर्ली नदीचे पात्र, दुसरीकडे लक्ष्मीनारायणाच्या देवळाशेजारचा तलाव आणि वरून पाऊस. जुलैत दारे चौकटीत अडकतात; दिवाळीनंतर तीच दारे सहज मिटतात. दमट हवेतला विदेशी सरडा किंवा साप पाळण्यासाठी घरी लाकडी पेटी करणाऱ्याला असा पावसाळा बाराही महिने पेटीत ठेवावा लागतो. मग तिच्या भिंतींना आतून काय लावावे?

हा प्रश्न तसा जुना आहे. १८२९ साली लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांनी पतंगाचा कोष ओल्या मातीसह बंद बरणीत ठेवला होता. त्या मातीतून नेचा आणि गवत उगवले. काचेवर जमलेले पाणी पुन्हा मातीत उतरत होते. यावरून वॉर्ड यांनी लाकडी चौकटीच्या काचपेट्या केल्या आणि १८३३ साली त्यांतून जिवंत रोपे बोटीने सिडनीला पाठवली. पुढे चीनमधील चहाची रोपेही अशाच पेट्यांतून भारतात आली. १८४९ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांचे स्वतंत्र घर उघडले. हौशी लोकही काचपेट्यांत बेडूक, सरडे ठेवू लागले.

पेटीतली काच टिके, लाकूड मात्र कुजे. त्यावर उपाय म्हणजे तेलरंग, आणि त्या काळच्या तेलरंगात शिशाचा सफेदा असे. रोपाला त्याची फारशी बाधा नव्हती. पण कित्येक पाली आणि सरडे भिंतीवरचे थेंब चाटून पाणी पितात. रोपांच्या पेटीत चालणारा लेप प्राण्यांच्या पेटीत चालेलच असे नाही, हा इथला पहिला धडा.

आपल्या कोकणातही लाकूड पाण्यापासून वाचवण्याची विद्या होतीच. होड्यांना काजूच्या टरफलाचे तेल लावत. ते लाकूड टिकवते, पण कच्चे तेल अंगाला लागले की फोड येतात. जवळच्या सावंतवाडीची लाकडी खेळणी लाखेने चमकतात. कीटकांपासून मिळणारी ही राळ घट्ट बसते, पण सतत ओल लागली की पांढरी पडते. होडीला आणि खेळण्याला योग्य असलेले हे लेप बंद, उबदार, ओल्या पेटीला योग्य नाहीत.

विसाव्या शतकात नवा पदार्थ आला. १९१२ साली अमेरिकेत ओ'कॉनर आणि फेबर यांनी विजेच्या यंत्रांत अभ्रकाऐवजी वापरण्यासाठी राळेत भिजवलेल्या थरांचा कठीण पत्रा केला. त्याच कुळातल्या पत्र्याला आपले सुतार सनमायका म्हणतात. त्यातून पाणी जात नाही आणि तो पुसताही येतो. पण पाणी त्याच्या कडेने शिरते. आतला पांढरा गोंद ओलीने मऊ पडतो, प्लायवूड फुगते आणि पत्रा सुटतो. म्हणून भिंतीपेक्षा सांधा महत्त्वाचा. साध्या प्लायवूडऐवजी पाण्यात टिकणारे, आय.एस. ७१० मानकाचे प्लायवूड घ्यावे, कडांना रंग द्यावा आणि कोपरे सिलिकॉनने भरावेत. वास पूर्ण जाईपर्यंत, निदान काही दिवस, पेटी उघडी ठेवावी. प्राण्याला पेटीबाहेर जाता येत नाही; आपण भिंतीला लावू तेच त्याला हुंगावे लागते.

वर्गात एक प्रयोग करावा. एकाच फळीतून दहा सेंटिमीटर लांबीच्या तीन पातळ पट्ट्या कापा : एक रेषांच्या दिशेने, दोन आडव्या. आडव्यांपैकी एकीच्या फक्त एका बाजूला तेलरंग देऊन तो पूर्ण वाळू द्या. मग तिन्ही पट्ट्या मोजून दोन दिवस पाण्यात ठेवा. उभी पट्टी जवळजवळ तेवढीच राहील, आडवी वाढेल आणि एका बाजूने रंगवलेली वाकेल. वालावलची दारे का अडकतात आणि पेटीला बाहेरूनही रंग का द्यावा, हे मुलांना एकाच वेळी समजेल.

शेवटी एक सूचना. घोरपड, अजगर, तारा कासव असे देशी प्राणी पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आंतरराष्ट्रीय करारातल्या विदेशी प्राण्यांचीही नोंदणी करावी लागते. तेव्हा पेटीचे माप घेण्याआधी कायदा वाचावा.