मृगया आणि पारध
मृगयेच्या निंदकांपुढे तिचे समर्थन करण्याची परंपरा प्राचीन आहे. मनूने ती कामज व्यसनांत गणली. कौटिल्याने मात्र द्यूताशी तुलना करताना व्यायाम, मेदक्षय, चल व स्थिर लक्ष्यांवरील नेम आणि पशूंच्या चित्तवृत्तींचे ज्ञान हे तिचे गुण सांगितले. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकातील सेनापती जवळजवळ हेच बोलतो. शिकारीस कंटाळलेल्या विदूषकाला ते पटत नाही, हे लक्षणीय होय.

परंतु हे समर्थन राजाच्या मृगयेचे. पोटासाठी हिंडणाऱ्या पारध्याच्या वाट्यास ते आले नाही. बाराव्या शतकात हेमचंद्राने मृगयेला ‘पापर्द्धि’, म्हणजे पापाची समृद्धी, हा पर्याय दिला. मराठी ‘पारध’ याच कुळातील. प्राकृत शब्दाचे संस्कृतीकरण होताना ‘पाप’ मागाहून चिकटले असावे, असे माझे मत आहे. इंग्रजी अमदानीत संस्थानिकांच्या शिकारी मिरवल्या जात असता फासेपारधी गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली नोंदले गेले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला.