बर्लिनमधील १४९ कवट्या आणि इरावती कर्वे

१/८
मेंदूची ठेवण वंशावरून ठरते आणि बुद्धी त्या ठेवणीवरून, हा समज विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपात शास्त्र म्हणून मिरवत होता. तो पडताळून पाहण्याचे काम एका मराठी विद्यार्थिनीकडे आले.

२/८
महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या सूनबाई इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस संशोधनासाठी बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे १९२७ मध्ये स्थापन झालेल्या, मानवी आनुवंशिकतेचा अभ्यास करणाऱ्या कैसर विल्हेल्म संस्थेचे संचालक होते.

३/८
फिशर यांचे गृहीतक असे: गोऱ्या युरोपीयांच्या मेंदूचा उजवा अग्रभाग मोठा असतो, म्हणून त्यांची कवटी दोन्ही बाजूंनी असमान असते, आणि हेच श्रेष्ठ बुद्धीचे लक्षण.

४/८
इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. असमानता आढळली, पण तिचा वंशाशी संबंध लागेना. मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध जाणारा हा निष्कर्ष त्यांनी आपल्या प्रबंधात तसाच मांडला. १९३० मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

५/८
प्रश्न केवळ विद्वत्तेचा नव्हता. १९३३ मध्ये फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. १९३७ मध्ये नाझी राजवटीने ऱ्हाइनलँडमधील मिश्रवंशीय मुलांची सक्तीने नसबंदी केली; त्या कामातील तज्ज्ञांत फिशरही होते.

६/८
मग मेंदूच्या आकारावर आनुवंशिकतेचा प्रभाव नसतो का? असतो. २०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये ३०,७१७ व्यक्तींवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदूच्या गाभ्यातील पुटामेनसारख्या भागांच्या आकारमानाशी निगडित जनुकीय भेद त्यात सापडले. मात्र एकेका भेदाचा परिणाम अत्यल्प असतो. त्यावरून कोणत्याही समाजाची बुद्धी ठरवता येत नाही.

७/८
पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्यावरही इरावतीबाईंनी मोजमाप सोडले नाही. वि. म. दांडेकर यांच्यासह त्यांनी केलेली महाराष्ट्रातील लोकांची शरीरमापने १९५१ मध्ये प्रसिद्ध झाली. एकच व्यवसाय करणारे कुंभारही परस्परांत विवाह न करणाऱ्या वेगवेगळ्या जातींचे असतात, याकडे त्यांनी लक्ष वेधले.

८/८
ज्ञानोबांच्या पालखीबरोबर त्या पंढरीची वाट चालल्या. दिंड्यांत जातीनुसार पडणाऱ्या वेगळ्या पंगती त्यांना खुपल्या. तरीही, ज्या प्रदेशातील लोक पंढरपूरला जातात तो महाराष्ट्र, अशी व्याख्या त्यांना याच वाटेवर सुचली. बारामती-इंदापूरवरून जाणारी तुकोबांची पालखीही त्याच व्याख्येत सामावते. तिथे कोणाची कवटी मोजावी लागत नाही.