रिचर्ड व्हिटकम

रिचर्ड ट्रॅव्हिस व्हिटकम (२१ फेब्रुवारी १९२१ – १३ ऑक्टोबर २००९) हे अमेरिकन विमान अभियंते आणि वायुगतिकी संशोधक होते. क्षेत्रफळ नियम, सुपरक्रिटिकल पंखछेद आणि विंगलेट हे विमानरचनेतील तीन महत्त्वाचे शोध त्यांच्या नावावर आहेत. ध्वनिवेगाच्या आसपास उडणाऱ्या विमानाला हवेचा जो विरोध होतो तो कमी कसा करावा, या एकाच प्रश्नाभोवती त्यांचे बहुतेक कार्य फिरत राहिले. १९४३ ते १९८० अशी सदतीस वर्षे ते व्हर्जिनिया राज्यातील हॅम्प्टन येथील लँगली संशोधन केंद्रात होते व त्यांचे मुख्य संशोधन तेथील आठ फुटी वातबोगद्यांत झाले. गणिती सिद्धांतापेक्षा प्रयोगात दिसणाऱ्या प्रवाहावर भर देणारे संशोधक म्हणून ते ओळखले जातात.

प्रारंभिक जीवन

व्हिटकम यांचा जन्म इलिनॉय राज्यातील एव्हन्स्टन येथे झाला. त्यांचे बालपण मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर या औद्योगिक शहरात गेले. त्यांचे वडील अभियंता होते व पहिल्या महायुद्धात त्यांनी बलून चालवले होते. आजोबांची थॉमस एडिसन यांच्याशी ओळख होती; त्यांच्याकडून ऐकलेल्या एडिसनच्या गोष्टींचा लहानग्या रिचर्डवर प्रभाव पडला. घराच्या तळघरात रबरावर उडणारी विमानांची छोटी प्रारूपे बनवणे आणि ती अधिक वेळ हवेत कशी राहतील याचे प्रयोग करणे, हा त्यांचा बालपणीचा छंद होता.

वूस्टर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमधून १९४३ मध्ये त्यांनी यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी विशेष प्रावीण्यासह मिळवली. 'फॉर्च्यून' मासिकातील लँगलीविषयीचा लेख वाचून त्यांनी तेथेच नोकरी करण्याचे ठरवले. त्या वेळी लँगलीची प्रयोगशाळा १९१५ मध्ये स्थापन झालेल्या 'नॅका' या राष्ट्रीय वैमानिकी सल्लागार समितीच्या अखत्यारीत होती. पुढे १९५८ मध्ये याच समितीचे रूपांतर 'नासा'त झाले. उपकरण विभागात नेमणूक देऊ केली असता व्हिटकम यांनी वायुगतिकीच्याच कामाचा आग्रह धरला, आणि त्यांना जॉन स्टॅक यांच्या हाताखाली आठ फुटी अतिवेग वातबोगद्यात पाठवण्यात आले.

वातबोगदा आणि ध्वनिवेगाचा प्रश्न

वातबोगदा किंवा वातविवर म्हणजे मोठ्या पंख्यांच्या साहाय्याने हवेचा नियंत्रित प्रवाह निर्माण करणारी बंदिस्त नलिका. विमान स्थिर हवेतून जाण्याऐवजी येथे स्थिर प्रतिकृतीवरून हवा वाहते आणि प्रतिकृतीवर येणारी बले तराजूसारख्या उपकरणाने मोजली जातात. लँगलीचा आठ फुटी बोगदा १९३६ मध्ये बांधला गेला. त्याच्या चाचणीकक्षाचा व्यास आठ फूट, म्हणजे सुमारे २.४ मीटर होता.

हवेच्या वेगाचे ध्वनिवेगाशी असलेले गुणोत्तर म्हणजे माख अंक. माख अंक १ च्या जवळ या बोगद्यांना एक मूलभूत अडचण येत असे. प्रतिकृती आणि बोगद्याची भिंत यांमधील अरुंद जागेत हवा आधीच ध्वनिवेग गाठे, प्रवाह तुंबून बसे आणि मोजमापे निरुपयोगी ठरत. याच वेगांची माहिती तर सर्वांत निकडीची होती. त्यामुळे संशोधकांना उंचावरून प्रतिकृती खाली सोडणे, त्या अग्निबाणावर बसवून उडवणे किंवा लढाऊ विमानाच्या पंखावर लहान प्रतिकृती बसवून विमान सूर मारत खाली आणणे, असे आडमार्ग वापरावे लागत.

यावरील उपाय लँगलीतच सापडला. चाचणीकक्षाच्या भिंतीत प्रवाहाच्या दिशेने लांब फटी ठेवल्या, तर तुंबणारा प्रवाह बाहेर पसरू शकतो, ही कल्पना रे राइट यांच्या गणितातून पुढे आली. १९५० मध्ये आठ फुटी बोगद्यात अशा फटी बसवून माख १ च्या आरपार सलग मोजमाप शक्य झाले. या कामगिरीसाठी स्टॅक व त्यांच्या सहकाऱ्यांना १९५१ ची कोलियर ट्रॉफी मिळाली. व्हिटकम यांचा पहिला मोठा शोध या सुधारलेल्या बोगद्यावाचून शक्य नव्हता.

क्षेत्रफळ नियम

ध्वनिवेगाजवळ जाताना विमानावरील वायुरोध एकदम वाढतो, कारण विमानाभोवती आघात तरंग निर्माण होऊन त्यांत ऊर्जा खर्च होते. धड सडपातळ ठेवले, पंख पातळ व मागे झुकलेले केले, तरी दोन्ही एकत्र जोडल्यावर होणारा रोध अपेक्षेपेक्षा बराच जास्त भरत असे. व्हिटकम यांनी १९५१ मध्ये पंख आणि धड यांच्या एकत्रित प्रतिकृतींभोवतालच्या प्रवाहाची श्लिरेन पद्धतीने छायाचित्रे घेतली. या पद्धतीत हवेच्या घनतेतील फरक छायाचित्रात उमटतात. पंखाच्या मागच्या कडेच्याही मागे एक अनपेक्षित आघात तरंग त्यांना आढळला.

१९५१ च्या अखेरीस जर्मन वायुगतिकी शास्त्रज्ञ आडोल्फ बुसेमान यांनी लँगलीत एक व्याख्यान दिले. ध्वनिवेगाजवळ हवेच्या प्रवाहनलिका आकुंचन वा प्रसरण पावत नाहीत. ठरावीक जाडीच्या नळांप्रमाणे त्या विमानाभोवती वळवाव्या लागतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. या विचारावर काही दिवस मनन करत असताना, कार्यालयात टेबलावर पाय टाकून बसलेल्या व्हिटकम यांना उत्तर सुचले.

त्यांचा निष्कर्ष असा होता : ध्वनिवेगाजवळ पंख, धड आणि शेपूट यांचा स्वतंत्र विचार करून भागत नाही. विमानाचे नाकापासून शेपटीपर्यंत आडवे काप घेतले, तर प्रत्येक कापाचे एकूण क्षेत्रफळ कसे बदलत जाते, यावर आघात तरंगांतून होणारा रोध अवलंबून असतो. हा बदल संथ व सलग असला तर रोध कमी होतो. जेथे पंखांमुळे क्षेत्रफळ एकदम वाढते, तेथे तितकेच क्षेत्रफळ धडातून वजा करावे. परिणामी धडाला पंखांजवळ आवळलेल्या कमरेसारखा, म्हणजे शीतपेयाच्या बाटलीसारखा आकार येतो. कमरेत आवळलेल्या प्रतिकृतींच्या चाचण्यांत पंखांमुळे होणारी रोधाची वाढ ध्वनिवेगाजवळ खूपच घटलेली, काही प्रतिकृतींत तर जवळजवळ नाहीशी झालेली दिसली. सप्टेंबर १९५२ मध्ये याविषयीचा गोपनीय अहवाल तयार झाला. १९५५ पर्यंत ही माहिती जनतेपासून गुप्त ठेवण्यात आली होती.

एफ-१०२ विमानाची कसोटी

क्षेत्रफळ नियमाची व्यावहारिक परीक्षा कॉन्व्हेअर कंपनीच्या एफ-१०२ या विमानाने घेतली. अमेरिकी हवाई दलाला स्वनातीत वेगाने उडणारे अडवणूक करणारे विमान हवे होते व उत्पादनाची तयारी सुरू झाली होती. ऑगस्ट १९५२ मध्ये या विमानाच्या प्रतिकृतीची लँगलीत चाचणी झाली, तेव्हा हे विमान सरळ उड्डाणात ध्वनिवेग ओलांडू शकणार नाही, अशी चिन्हे दिसली. व्हिटकम यांनी कंपनीच्या अभियंत्यांना आपला नियम समजावून सांगितला; तरीही पहिले नमुने मूळ आराखड्यानुसारच बांधले गेले.

पहिला नमुना २४ ऑक्टोबर १९५३ रोजी उडाला व काही दिवसांतच अपघातात नष्ट झाला. जानेवारी १९५४ मध्ये दुसरा नमुना उडाला. सरळ उड्डाणात तोही माख ०.९८ च्या पुढे गेला नाही. वातबोगद्यातील भाकीत खरे ठरले. त्यानंतर विमानाची पुनर्रचना झाली. धड सुमारे ११ फुटांनी लांबवले, मध्यभागी आवळले आणि क्षेत्रफळाची उतरण संथ व्हावी म्हणून शेपटीकडे दोन्ही बाजूंना फुगवटे जोडले. जोडीला अधिक शक्तिशाली इंजिनही बसवले. २० डिसेंबर १९५४ रोजी सुधारित वायएफ-१०२ए उडाले आणि दुसऱ्याच दिवशी त्याने ध्वनिवेग ओलांडला. पुढील चाचण्यांत त्याने माख १.२२ गाठला. या विमानाची सुमारे १,००० नगांची निर्मिती झाली. ग्रमन कंपनीचे एफ११एफ टायगर हे विमान तर आरंभापासूनच या नियमानुसार आखले गेले होते. त्याचे पहिले उड्डाण ३० जुलै १९५४ रोजी झाले.

क्षेत्रफळ नियमासाठी व्हिटकम यांना १९५४ ची कोलियर ट्रॉफी मिळाली. त्या वेळी त्यांचे वय अवघे चौतीस वर्षांचे होते.

सुपरक्रिटिकल पंखछेद

१९५८ मध्ये व्हिटकम आठ फुटी बोगद्यांच्या शाखेचे प्रमुख झाले. साठच्या दशकाच्या आरंभी त्यांनी स्वनातीत प्रवासी विमानाच्या आराखड्यांवर काम केले. मात्र असे विमान आर्थिकदृष्ट्या परवडणार नाही, असे मत झाल्यावर ते त्या कामातून बाहेर पडले आणि ध्वनिवेगाच्या किंचित खालच्या वेगांकडे वळले. जेट प्रवासी विमाने याच वेगांनी उडतात.

विमानाचा वेग ध्वनिवेगापेक्षा कमी असला तरी पंखाच्या फुगीर वरच्या पृष्ठावरून जाणारी हवा स्थानिक पातळीवर ध्वनिवेग ओलांडते. ती पुन्हा मंदावताना तीव्र आघात तरंग निर्माण होतो, प्रवाह पृष्ठापासून सुटतो व वायुरोध वाढतो. व्हिटकम यांनी १९६४ च्या सुमारास या प्रश्नावर काम सुरू केले. त्यांच्या पंखछेदात वरचे पृष्ठ बरेचसे सपाट असते आणि खालच्या पृष्ठाला मागच्या कडेजवळ आतल्या बाजूला बाक दिलेला असतो. वरच्या बाजूला कमी होणारे उत्थापन मागील बाकामुळे भरून निघते, आणि आघात तरंग क्षीण होऊन मागे सरकतो. प्रारंभीच्या आराखड्यात मागच्या भागात एक फट होती. पुढे फटीशिवायही तोच परिणाम साधता आला.

आकार ठरवण्याची त्यांची पद्धत कारागिराची होती. चाचणी थांबवून ते बोगद्यात जात, प्रतिकृतीचा पृष्ठभाग स्वतः कानशीने घासत किंवा मोटारींच्या पत्र्यातील खळगे भरण्याची पुट्टी लावून तो वाढवत, आणि पुन्हा चाचणी घेत. दुहेरी पाळ्यांच्या काळात ते बोगद्याच्या इमारतीतच खाटेवर झोपत असत.

या पंखाने सुसज्ज केलेले एफ-८ विमान वैमानिक टॉम मॅकमर्ट्री यांनी ९ मार्च १९७१ रोजी कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स येथे प्रथम उडवले. मे १९७३ पर्यंत चाललेल्या चाचण्यांत ध्वनिवेगालगतची कार्यक्षमता १५ टक्क्यांपर्यंत वाढलेली आढळली. पुढील काळातील बहुतेक जेट प्रवासी विमानांच्या पंखांत या कल्पनेची कोणती ना कोणती आवृत्ती वापरली गेली.

विंगलेट

पंखाखालील जास्त दाबाची हवा टोकाशी वळसा घेऊन वरच्या कमी दाबाकडे जाते. त्यातून भोवरे उठतात व रोध वाढतो. पंखाच्या टोकाला उभी फळी लावण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून माहीत होती; परंतु साध्या सपाट फळ्यांनी जेवढा रोध वाचे, तेवढा त्या स्वतःच निर्माण करत. विंगलेट हा फळी नसून एक लहान पंख आहे, या दृष्टीने व्हिटकम यांनी त्याचा छेद, कोन आणि जागा काळजीपूर्वक ठरवली.

जुलै १९७६ च्या त्यांच्या अहवालानुसार, त्या काळातील जेट प्रवासी विमानाच्या प्रतिकृतीवर विंगलेट लावल्याने भोवऱ्यांमुळे होणारा रोध सुमारे २० टक्क्यांनी घटला आणि उत्थापन व रोध यांचे गुणोत्तर सुमारे ९ टक्क्यांनी सुधारले. पंख केवळ लांबवून होणाऱ्या लाभाच्या दुपटीहून हा लाभ अधिक होता. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधनबचतीला आलेल्या महत्त्वामुळे या निष्कर्षांकडे विमान उद्योगाचे लक्ष गेले. १९७९ पासून केसी-१३५ विमानावर झालेल्या उड्डाणचाचण्यांत पल्ला ७ टक्क्यांपर्यंत वाढू शकतो, असे दिसले. १९७७ मध्ये उडालेले लिअरजेट २८ हे विंगलेट असलेले पहिले उत्पादित जेट विमान ठरले. आज भारतातील देशांतर्गत मार्गांवरील अनेक बोइंग ७३७ व एअरबस ए३२० विमानांच्या पंखांची टोके वर वळलेली दिसतात. ती याच तत्त्वाची पुढील रूपे आहेत.

श्रेयाचा प्रश्न

व्हिटकम यांच्या शोधांना पूर्वसुरी होते. युंकर्स कंपनीतील ओटो फ्रेंझल यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात क्षेत्रफळ नियमासारखी कल्पना मांडली होती, तर वॉलेस हेज यांच्या १९४७ च्या प्रबंधात तिचा गणिती आधार सापडतो. स्वनातीत वेगांसाठी या नियमाचा विस्तार रॉबर्ट टी. जोन्स यांनी केला. पंखछेदाच्या बाबतीत ब्रिटनमध्ये पिअर्सी यांचे समांतर काम चालू होते, आणि पुढे पॉल गाराबेडियन व डेव्हिड कॉर्न यांनी असे छेद संगणकाने आखण्याच्या पद्धती विकसित केल्या. व्हिटकम यांना हे निष्कर्ष स्वतंत्रपणे, प्रयोगातून गवसले, आणि विमान बांधणाऱ्यांना थेट वापरता येईल अशा रूपात त्यांनी ते सिद्ध केले, हे त्यांचे वेगळेपण मानले जाते.

सन्मान आणि उत्तरायुष्य

व्हिटकम यांना १९७३ मध्ये राष्ट्रीय विज्ञान पदक आणि १९७४ मध्ये राइट बंधू स्मृती ट्रॉफी मिळाली. सुपरक्रिटिकल पंखासाठी नासाने त्यांना २५,००० डॉलरचे पारितोषिक दिले. १९७६ मध्ये ते अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीचे सदस्य झाले व २००३ मध्ये राष्ट्रीय संशोधक सन्मान दालनात त्यांचा समावेश झाला. ते अविवाहित होते. १९८० मध्ये ते नासातून निवृत्त झाले. वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी व्हर्जिनियातील न्यूपोर्ट न्यूज येथे त्यांचे निधन झाले.

त्यांनी ज्या आठ फुटी अतिवेग बोगद्यात कामाला सुरुवात केली, त्याला १९८५ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा देण्यात आला. पुढे तो पाडण्यात आला.