दुसऱ्याचे बोलणे आणि डच शाळामास्तर

एकाने उच्चारलेले वाक्य दुसऱ्याने तिसऱ्याला सांगावयाचे असते तेव्हा सांगणाऱ्यापुढे दोन वाटा असतात: मूळ शब्द अवतरणात जसेच्या तसे ठेवणे, म्हणजे प्रत्यक्ष कथन, किंवा ते आपल्या वाक्यात गुंफून घेणे, म्हणजे अप्रत्यक्ष कथन. इंग्रजीत दुसरी वाट धरली की सर्वनाम बदलते, वर्तमानकाळाचा बहुधा भूतकाळ होतो, प्रश्नाची रचना विधानासारखी होते, आणि ‘आज’, ‘इथे’, ‘उद्या’ यांच्या जागी ‘त्या दिवशी’, ‘तिथे’, ‘दुसऱ्या दिवशी’ असे शब्द येतात. शालेय व्याकरणाने हे सारे रूपांतराच्या तक्त्यात बसवले. त्या तक्त्यामागे लॅटिन शिक्षणाची जुनी शिस्त होती, कारण सीझरच्या ग्रंथांतील भाषणे ज्या ‘ओरातिओ ओब्लिका’ नावाच्या तिरकस रचनेत येतात तिचा सराव युरोपातील विद्यार्थी पिढ्यान्पिढ्या करीत आले होते. मात्र इंग्रजी अप्रत्यक्ष कथन प्रत्यक्ष लेखनात कसे वापरले जाते हे पुरावे गोळा करून पाहण्याच्या कामाचा मोठा वाटा इंग्लंडबाहेरच्या, विशेषतः नेदरलँड्समधील, शिक्षकांनी उचलला.

डच व्यापारी देशाला शेजाऱ्यांच्या भाषा शिकण्याची गरज फार पूर्वीपासून होती. ॲमस्टरडॅमच्या विलेम सेवेलने १६९१ मध्ये इंग्रजी-डच कोश छापला आणि १७०५ मध्ये डच वाचकांसाठी इंग्रजीची छोटी मार्गदर्शिका काढली. परंतु या विषयाला भक्कम पाया मिळाला तो १८६३ च्या माध्यमिक शिक्षण कायद्याने. डच मंत्री टॉर्बेके यांच्या या कायद्यातून ‘होगेरे बुर्खरस्कूल’ नावाच्या नव्या शाळा उभ्या राहिल्या, ज्यांत ग्रीक-लॅटिनऐवजी विज्ञान, फ्रेंच, जर्मन आणि इंग्रजी शिकवले जाई. शाळांना शिक्षक हवेत म्हणून सरकारी प्रमाणपत्र परीक्षा आल्या, ज्या विद्यापीठाची पायरी न चढताही देता येत. आधुनिक भाषांत पूर्ण विद्यापीठीय पदवी मिळण्याची सोय १९२१ च्या नियमावलीपर्यंत झाली नाही. त्यामुळे जवळजवळ सहा दशके इंग्रजीचा अभ्यास तेथे मुख्यतः घरी बसून, दिवसा शिकवून रात्री परीक्षेची तयारी करणाऱ्या माणसांच्या हाती राहिला, आणि या वर्गाला अपुरे नियम पुरत नव्हते. परीक्षकाने समोर ठेवलेल्या उताऱ्यातील प्रत्येक रूपाचे कारण त्यांना द्यावे लागे.

हेंड्रिक पाउट्समा (१८५६–१९३७) याच वर्गासाठी लिहीत होता. त्याचे ‘अ ग्रामर ऑफ लेट मॉडर्न इंग्लिश’ ग्रोनिंगेनच्या नोर्डहोफ प्रकाशनाने १९०४ पासून १९२६ पर्यंत खंडाखंडाने काढले, आणि हे पुस्तक युरोपीय, विशेषतः डच, विद्यार्थ्यांसाठी आहे असे उपशीर्षकातच नोंदवले. कादंबऱ्या, निबंध आणि वर्तमानपत्रे वाचत वाक्ये टिपून घ्यायची, त्यांची वर्गवारी करायची आणि नियमाला न जुमानणारे वाक्य आढळले तर तेही नोंदवायचे, अशी त्याची पद्धत होती. आयुष्यभराच्या या चिकाटीपुढे नम्र व्हावे असेच हे काम आहे. एट्स्को क्रॉइसिंगा (१८७५–१९४४) याचा बाणा वेगळा होता. त्याच्या व्याकरणाची पहिली आवृत्ती १९०९ ची, तर पाचवी, विस्तारलेली, १९३१–३२ ची. त्याला भाषेच्या इतिहासापेक्षा आजच्या बोलीचे वर्णन महत्त्वाचे वाटे, म्हणून ध्वनिविचाराला त्याने व्याकरणात मानाचे स्थान दिले, आणि लॅटिनच्या चौकटी इंग्रजीवर लादण्यास त्याचा कडवा विरोध होता.

अप्रत्यक्ष कथनाकडे अशा पुराव्यांनिशी पाहिले की तक्ता मोडतो. ‘ही सेड ही लिव्ह्ड इन युट्रेख्ट’ आणि ‘ही सेड ही लिव्ज इन युट्रेख्ट’ ही दोन्ही वाक्ये इंग्रजी माणूस सहज वापरतो. पहिल्यात काळ सांगणाऱ्या क्रियापदाशी जुळतो, आणि तो माणूस आज कुठे राहतो याविषयी वाक्य काहीच ठरवत नाही. दुसऱ्यात सांगणारा ती गोष्ट आजही खरी धरून चालतो. ‘उद्या येतो’ हे बोलणे त्याच दिवशी कळवले तर ‘टुमॉरो’ तसाच राहतो, आठवड्याने कळवले तर मात्र बदलावाच लागतो. म्हणजे रूप ठरते ते बोलणाऱ्याच्या आणि सांगणाऱ्याच्या काळ-स्थळातील अंतरावरून, अवतरणचिन्हे काढल्यामुळे नव्हे. डेन्मार्कच्या ऑटो येस्पर्सनने १९२४ च्या ‘द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर’मध्ये काळाच्या या मागे सरकण्याला ‘बॅक-शिफ्टिंग’ असे नाव दिले. कादंबरीत ‘ती म्हणाली’ असे न सांगता पात्राचे मन निवेदकाच्या काळात व तृतीय पुरुषात मांडणाऱ्या ज्या रचनेला शार्ल बायीने १९१२ मध्ये फ्रेंचमध्ये मुक्त अप्रत्यक्ष शैली म्हटले होते, तिलाही येस्पर्सनने ‘रिप्रेझेंटेड स्पीच’ म्हणून व्याकरणात जागा दिली. येस्पर्सन, पाउट्समा आणि क्रॉइसिंगा ही तीन नावे पुढे इंग्रजीच्या अभ्यासात सोबतीने घेतली जाऊ लागली.

डच शिक्षकाला हे दिसण्यामागे त्याची मातृभाषाही असावी. डचमध्ये ‘तो आजारी होता’ हे ‘हेइ वास झीक’. पण ‘तो आजारी असल्याचे तो म्हणाला’ असे सांगताना ‘हेइ झेइ दात हेइ झीक वास’, म्हणजे पोटवाक्यात क्रियापद शेवटी जाते. काळ इंग्रजीप्रमाणे मागे सरकतो, मात्र शब्दक्रम अजिबात जुळत नाही. उलट मराठी वाचकाला तो क्रम ओळखीचा वाटेल. डचमध्ये याहून एक बारीक सोय आहे: ‘हेइ झाउ झीक झेइन’ या वाक्यात ‘झाउ’ या सहायक क्रियापदाने माहिती ऐकीव आहे हे कळते, कोणी सांगितले याचा उल्लेख न करताही. मराठीत हेच काम ‘तो आजारी आहे म्हणे’ यातील ‘म्हणे’ करते, इंग्रजीला मात्र ‘इज सेड टु बी’ अशी जोडरचना करावी लागते. दोन भाषांच्या व्यवस्था रोज शेजारी ठेवून शिकवणाऱ्याला, दुसऱ्याच्या बोलण्याची जबाबदारी आपल्यावर किती घ्यायची हे प्रत्येक भाषा आपापल्या साधनांनी ठरवते, हे लक्षात येणे साहजिक होते.

महाराष्ट्रातील शाळांत मात्र हा विषय ‘डायरेक्ट-इनडायरेक्ट’ या नावाने, परीक्षेच्या हुकमी प्रश्नाच्या रूपाने रुजला. दादोबा पांडुरंगांनी १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण छापले तेव्हापासून मराठी विद्वान व्याकरणाचा गांभीर्याने विचार करीत आले. तरी इंग्रजीच्या वर्गात रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणाच्या पुस्तकातील रूपांतरे पाठ करण्यावरच बहुतेकांचा भर राहिला. ‘ही आस्क्ड व्हेअर वॉज आय’ ही चूक या शिस्तीनंतरही टिकली, कारण मराठी ‘की’ नंतर मूळ प्रश्न तसाच ठेवता येतो आणि इंग्रजीत तसे चालत नाही, ही तुलना शिकवली जात नसे. हे नुकसान टाळता येण्याजोगे होते.

तिकडे नेदरलँड्समध्ये क्रॉइसिंगा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९१९ मध्ये ‘इंग्लिश स्टडीज’ हे नियतकालिक सुरू केले, ज्याच्या संपादकांत राइनार्ड झांडफोर्ट हाही होता. तो १९३७ मध्ये ग्रोनिंगेनला इंग्रजीचा प्राध्यापक झाला आणि १९४५ मध्ये त्याचे ‘अ हँडबुक ऑफ इंग्लिश ग्रामर’ निघाले, जे अनेक देशांच्या विद्यापीठांत पोहोचले. पाउट्समाच्या टिपणांचे जे काम हातांनी होत असे, ते पुढे नेइमेखन विद्यापीठात यान आर्ट्स यांच्या पुढाकाराने संगणकावर गेले. लेखनाचे मोठे नमुने साठवून प्रत्येक वाक्याची रचना चिन्हांकित करायची, म्हणजे कोणते रूप कोणत्या संदर्भात आणि किती वेळा येते हे मोजता येते, असा हा मार्ग होता. विलेम मेइस यांच्याबरोबर आर्ट्स यांनी संपादित केलेला ‘कॉर्पस लिंग्विस्टिक्स’ हा लेखसंग्रह १९८४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या रोडोपी प्रकाशनाने काढला, आणि ‘दॅट’ गाळून केलेले कथन कुठे वाढते, भूतकाळ कुठे टळतो, असे प्रश्न आता अंदाजाऐवजी मोजणीने तपासता येऊ लागले.